कोल्हापुरात रोजच्या भाड्यानं घर देताना: नवख्या मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठेतल्या आमच्या जुन्या घराचा वरचा मजला यात्रेकरूंना द्यायला लागलो, त्याला बरीच वर्षं झाली. पुढं कर्ज काढून एक फ्लॅटही घेतला आणि खरी अक्कल तिथं आली. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक येतात, चहा होतो आणि प्रश्न तेच ते असतात. एकदा लिहून ठेवलेले बरे. जिथं "धरू" म्हटलंय, तिथले आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत.

नवरात्रात अंबाबाईच्या आसपास खोली मिळत नाही. मग या धंद्यात तोटा होईलच कसा?

नवरात्र नऊ दिवसांचं आणि हप्ते बारा महिन्यांचे, म्हणून होतो. गर्दीचे दिवस आहेत आणि ते पाठच असायला हवेत. नवरात्र आणि दसरा चौकातला शाही दसरा, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, मे महिना. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीचे किरण देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात का, ते बघायला लोक मुद्दाम येतात. त्यात शुक्रवार-शनिवारच्या रात्री धरा. तरी बेरीज केली तर निम्मं वर्षही भरत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, हिशोब आषाढातल्या बुधवारच्या रात्रीवर मांडा. बाहेर पाऊस धरलाय, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि तुमची खोली रिकामी. त्या रात्रीचा खर्च कुठून निघणार, याचं उत्तर सापडलं तर पुढं जा.

मग बुधवारी येतं तरी कोण?

येतात, पण ते भाविक नसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले वकील आणि पक्षकार आता कामाच्या दिवशी इथं उतरतात. कोर्ट सीपीआरजवळ, म्हणजे सरकारी दवाखान्याजवळ आहे, त्यामुळं भाऊसिंगजी रोडच्या आसपासच्या खोल्यांना आठवड्याच्या मधले दिवस नव्यानं मिळाले. वकिलांना देव्हारा आणि रांगोळी नको असते. टेबल, खुर्ची, चांगला दिवा, इस्त्री आणि न अडखळणारं वायफाय हवं असतं. माझ्या फ्लॅटमधला शोभेचा झोपाळा काढून तिथं टेबल टाकलं, ती माझी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याची दुरुस्ती.

दुसरे येतात ते दवाखान्यासाठी. कोकणातून आणि सीमाभागातून उपचाराला येणाऱ्या पेशंटची माणसं चार-आठ दिवस राहतात. त्यांना स्वयंपाकघर लागतं, निदान पेज शिजवायला आणि दूध तापवायला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांत मशीन बसवायला आलेले लोक सलग आठवडा घेतात. लग्नसराईत कार्यालयवाले एकदम चार खोल्या मागतात. कार्यालयाच्या मॅनेजरशी ओळख ठेवा, ती जाहिरातीपेक्षा चालते.

जागा कुठं घ्यावी? मंदिराजवळच ना?

देवीला चालत जाता येतं, हा मंदिराजवळच्या जागेचा मोठा गुण. महाद्वार रोड, ताराबाई रोड, मिरजकर तिकटीच्या आतल्या गल्ल्या यांना त्यासाठी मागणी राहणारच. पण सात-आठ जणांचं कुटुंब मोठी गाडी घेऊन येतं आणि गल्लीत मोटारसायकल लावायची पंचाईत. गाडी बिंदू चौकात किंवा आणखी लांब लावून सामान डोक्यावर आणायचं म्हटलं की आजी-आजोबा वैतागतात, आणि तो वैताग तुमच्या रेटिंगमध्ये उतरतो.

दुसरं म्हणजे मंदिर परिसराचा विकास आराखडा. त्यात भूसंपादन आहे. तिथली मिळकत घेण्याआधी नगररचना विभागाकडून आरक्षण आणि संपादनाची स्थिती लेखी काढून घ्या, प्रॉपर्टी कार्ड बघा. "आमच्या गल्लीला काय होत न्हाई" हे विकणाऱ्याचं वाक्य आहे.

स्टँड आणि रेल्वे स्टेशनजवळ शाहूपुरीचा भाग कामानिमित्त येणाऱ्यांना सोयीचा. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीत पार्किंग मिळतं, गाडीवाले खूश राहतात, पण जागेचा भाव जड. पन्हाळा साधारण २० किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांत त्याचा युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. गडावर बांधकामाचे आणि दुरुस्तीचे नियम मात्र कडक आहेत, नवख्यानं तिथून सुरुवात करू नये असं माझं मत.

पुराचं काय?

हा प्रश्न पहिला यायला हवा, पण बाहेरचे गुंतवणूकदार तो शेवटी विचारतात. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ मध्ये पुन्हा. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग, ही नावं तेव्हा सगळ्यांना पाठ झाली होती. जागा बघताना शेजारच्या दुकानदाराला एवढंच विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. नंतर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे सरकारनं आखलेल्या पुराच्या हद्दी, नकाशावर तपासा. निळी नदीजवळची, लाल तिच्या बाहेरची. निळ्या रेषेच्या आतली जागा स्वस्त का आहे, ते आपोआप कळेल.

पाणी घरात शिरलं नाही तरी धंदा बुडतो, हेही लक्षात घ्या. २०१९ ला महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता आणि पाणी उपसा केंद्रंच बुडाल्यानं शहराला प्यायचं पाणी नव्हतं. सगळी बुकिंग रद्द, वर पैसे परत. म्हणून तीन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय कर्जाचा पहिला कागद भरू नका. विम्यात पूर धरलेला आहे का ते बघा आणि घर रोजच्या भाड्यानं जातं हे विमा कंपनीला लिहून कळवा. घरगुती पॉलिसी घेऊन गप्प बसलात तर दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं.

फ्लॅट घेतला तर बिल्डिंगमधले लोक अडवतात का?

अडवतात आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं. रोज नवीन माणसं, लिफ्टमध्ये बॅगा, पहाटे पाचला गाडीचे दरवाजे. कोल्हापुरात पुष्कळ इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असतात. त्यांचं घोषणापत्र, म्हणजे इमारतीच्या वापराचे नियम लिहिलेला नोंदणीकृत दस्त, मागून वाचा. "फक्त राहण्यासाठी" असं लिहिलं असेल तर व्यवहाराआधी असोसिएशनची लेखी संमती घ्या. तोंडी "काय हरकत न्हाई" म्हणणारा चेअरमन पुढच्या वर्षी बदलतो. सहकारी सोसायटी असेल तर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

कर्ज कितपत मिळतं?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याच्या वर ७५ टक्क्यांपर्यंत. ही वरची मर्यादा झाली, बँक एवढं देईलच असं नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी साधारणपणे तुमच्या खिशातून. घर बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

"स्वतः राहणार" असं लिहून कर्ज घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी खोल्या बुक करायच्या पोर्टलवर फोटो टाकायचे, हा सल्ला देणारे एजंट भेटतील. ऐकू नका. वापर खरा सांगा, दर थोडा जास्त बसला तरी चालेल. आणखी एक चूक म्हणजे फर्निचर, एसी, गाद्या यांचा खर्च क्रेडिट कार्डावर किंवा वैयक्तिक कर्जावर टाकणं. फ्लॅटच्या किमतीपुढं तो खर्च किरकोळ वाटतो, पण त्याचं व्याज बोचतं.

घरातली बाई स्वतः हा व्यवसाय करणार असेल तर राज्याचं २०२३ चं "आई" पर्यटन धोरण जरूर बघा. पर्यटन संचालनालयाकडं नोंदलेल्या महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत मिळतं, सात वर्षांपर्यंत किंवा एकूण साडेचार लाख होईपर्यंत. अटी आहेत, त्यात निम्म्या कर्मचारी महिला असाव्यात ही एक. नावापुरतं बायकोला मालकीण करणाऱ्यांनी मात्र आधी मालकिणीला विचारावं.

आकडे खरंच जुळतात का? एक हिशोब करून दाखवा.

धरू की ३० लाखांचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं. हप्ता येतो २६,९९२ रुपये. दोन खोल्यांचा फ्लॅट, रात्रीला सरासरी २,५०० रुपये.

महिन्यात १२ रात्री भरल्या तर जमा ३०,०००. त्यातल्या ८ रात्री पोर्टलवरून आल्या आणि कमिशन १५ टक्के धरलं तर गेले ३,०००. सात मुक्कामांची सफाई आणि चादरी धुणं, प्रत्येकी ४५० प्रमाणं ३,१५०. लाईट बिल, गॅस, इंटरनेट ३,०००. मेंटेनन्स १,५००. तुटफुटीसाठी बाजूला २,०००. हातात राहिले १७,३५०. हप्त्याला ९,६४२ रुपये घरातून घालायचे.

२० रात्री भरल्या तर जमा ५०,०००. पोर्टलच्या १४ रात्रींचं कमिशन ५,२५०, बारा मुक्कामांची सफाई ५,४००, लाईट वगैरे ३,८००, बाकी तेवढंच. हातात ३२,०५०, हप्ता जाऊन ५,०५८ उरतात. म्हणजे महिन्याला साधारण १७ रात्री भरल्या तर पाणी नाकाच्या खाली. घरफाळा आणि आयकर यात धरलेला नाही. तोच फ्लॅट एखाद्या बँकवाल्याला अकरा महिन्यांसाठी दिला तर काय मिळतं, ते याच कागदावर शेजारी लिहा. फरक बघून पुष्कळ जण चहा संपवून शांतपणे घरी जातात.

वडिलोपार्जित घराचा रिकामा मजला असेल तर गोष्ट वेगळी. हप्ता नसतो, सहा रात्रींनीही काहीतरी हाताला लागतं.

दुसऱ्याचा फ्लॅट भाड्यानं घेऊन पुढं रोजच्या भाड्यानं देता येतो का?

मालकाची लेखी परवानगी करारात असेल तरच. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. नेहमीच्या छापील मसुद्यात पोटभाडेकरू ठेवायला मनाई असते, ती ओळ बदलून घ्या.

जुनं घर आहे. डागडुजीला सुरुवात कुठून करावी?

छपरापासून आणि ती पावसाळ्याच्या आधी. आमच्याकडं सगळं उलटं झालं. पहिल्या वर्षी रंग दिला, नक्षीचे दिवे लावले, फोटो झकास आले. जुलैत भिंतीला ओल धरली, पोपडे सुटले आणि गादीला असा कुबट वास यायला लागला की उदबत्तीचा पुडा संपला तरी जाईना. पुन्हा सगळं उकरलं.

पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असतात. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत फुगते. चुन्याचं काम येणारा जुना गवंडी शोधा. तो चार दिवस जास्त घेईल, घेऊ द्या. तुळयांची टोकं भिंतीत जिथं बसतात तिथं वाळवी बघा, टिकाव मारून नव्हे, स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून. लाकूड भुसभुशीत लागलं तर आधी इंजिनिअरला दाखवा. कौलं चाळून घ्या. गच्ची असेल तर कोबा आणि पाणी जायचा उतार तपासा.

मग पाणी. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन आली तरी महानगरपालिकेचं पाणी एखाद्या दिवशी येत नाही, आणि पाहुण्यांना ते कारण पटत नाही. माणशी दीडशे लिटरच्या हिशोबानं दोन दिवसांची टाकी ठेवा. तसंच गरम पाणी. इथला पाहुणा कोकणातल्या बीचवरच्या पाहुण्यासारखा दहाला उठत नाही. त्याला पहाटे पाचला सगळ्या घरादाराच्या आंघोळी उरकून दर्शनाला जायचंय. सोलरचं पाणी चौथ्या माणसाला कोमट आणि पावसाळ्यात पहिल्यालाच गार. सोलर ठेवा, पण जोडीला मोठा गिझर हवाच. त्यासाठी वायरिंग नवं करा. जुन्या वायरवर दोन गिझर आणि एक एसी चालवणं म्हणजे आग पाहुणी बोलावणं.

बाथरूमवर खर्च करा, दिवाणखान्यावर हात आखडा. एका बाथरूममागं चारपेक्षा जास्त माणसं झोपवू नका. एक तरी कमोड हवाच, गुडघे दुखणारी आजी प्रत्येक गाडीत असते. ओले कपडे वाळत घालायला दोरी किंवा स्टँड द्या. ही गोष्ट कुणाच्याच यादीत नसते आणि सगळे पाहुणे विचारतात.

सजावटीला कोल्हापुरी थाट करू का?

भिंतीवर एक फेटा आणि दारात चपलांचा जोड पुरे. तालमीचा आखाडा करायची गरज नाही.

परवाने काय काय लागतात?

पर्यटन संचालनालयाच्या होमस्टे किंवा निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करा. ही योजना मालक तिथंच राहत असलेल्या थोड्या खोल्यांच्या घरासाठी आहे, रिकाम्या फ्लॅटला ती बसेलच असं नाही. नोंदणीमुळं व्यापारी दराच्या वीजबिलाचा प्रश्न सोपा होतो. महानगरपालिकेत वापर कळवा. घरफाळ्याची आकारणी वापरावर ठरते आणि लपवलेला वापर पुढं थकबाकीच्या नोटिशीत दिसतो.

पोलिस ठाण्यात माहिती द्या, रजिस्टर ठेवा, प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघा. आधारची प्रत घेतलीत तर आकडे झाकलेली घ्या. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, जुने मालक त्याला अजून "सी फॉर्म" म्हणतात. एक जर्मन बाई शनिवारी रात्री आल्या होत्या, माझं लॉगिनच तयार नव्हतं, रात्रभर झोप नाही. पाहुणा येण्याआधी खातं उघडून ठेवा.

जीएसटी आणि आयकर?

सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला स्वतः जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र तुमच्या दुकानाचं भाडंही याच उलाढालीत मोजलं जातं, हे पुष्कळांना उशिरा कळतं. नोंदणी नसलेल्या मालकाच्या पोर्टलवरच्या बुकिंगचा जीएसटी पोर्टलच गोळा करून भरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के दर आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. त्यामुळं डागडुजीतल्या टाइल्स आणि गिझरवरचा जीएसटी हा तुमचा खर्चच समजा.

आयकरात मेख अशी की २०२४ च्या दुरुस्तीनं घर नुसतं भाड्यानं दिल्याचं उत्पन्न व्यवसायाखाली दाखवता येत नाही, ते घरमालमत्तेखाली जातं आणि तिथं ३० टक्क्यांची ठोक वजावट मिळते. रोजची सफाई, चादरी, नाश्ता अशी सेवा देणारा मुक्काम व्यवसाय धरायचा की नाही, हा सीएबरोबर बसून ठरवायचा विषय. पहिल्या वर्षीच ठरवा. तोवर प्रत्येक पावती डब्यात.

दर कसे ठरवू?

माणशी लावू नका, खोलीला लावा आणि जास्तीच्या गादीचे वेगळे घ्या. आठवड्याच्या मधले दिवस स्वस्त ठेवा, चार रात्री घेणाऱ्याला आणखी सोडा. नवरात्रात दर चढवा, पण तिप्पट करू नका. देवीला येणारा माणूस दरवर्षी येतो, आणि लुटल्याचं लक्षात ठेवतो.

मी पुण्यात असतो. लांबून चालवता येईल का?

कुलूप मोबाइलवरून उघडतं, तुंबलेलं संडास उघडत नाही. इथं विश्वासाचं माणूस हवं आणि त्याला नुसता पगार नको, भरलेल्या रात्रीमागं थोडा वाटा द्या. कामाच्या मावशी एक नव्हे दोन धरा, कारण गर्दीच्या दिवशी त्यांच्याही घरी जोतिबाची पालखी असते. प्लंबर आणि वायरमन यांचे पैसे त्याच दिवशी द्या, तर ते रविवारी फोन उचलतात. प्रत्येक पलंगाला चादरीचे तीन संच ठेवा. एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चार.

जेवण द्यावं का?

नाश्त्यापर्यंत थांबा, त्यालाही अन्न सुरक्षा नोंदणी लागते. पोहे, उप्पीट, चहा. तांबडा-पांढरा खायला पाहुणे बाहेर जाणारच, आणि मिसळीच्या दुकानांशी स्पर्धा करायची तुमची-माझी ताकद नाही. देवीला आलेल्यांत शाकाहारी पुष्कळ असतात, म्हणून फ्लॅटच्या स्वयंपाकघरात भांड्यांचे दोन वेगळे संच ठेवा आणि ते फोनवरच सांगा.

चौघांचं बुकिंग करून नऊ जण आले तर?

येतात. आल्याआल्या हसतमुखानं मोजा आणि जास्तीच्या गाद्यांचे पैसे तेव्हाच मागा, निघताना मागितलं की भांडण होतं. बाथरूमच्या मानानं जमतच नसेल तर शेजारच्या मालकाकडं पाठवा, पुढच्या वेळी तो तुमच्याकडं पाठवेल. दारू आणि रात्री दहानंतरचा आवाज यांचा नियम बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा.

खोली द्यायची आणि सोडायची वेळ काय ठेवू?

सोडायची दहा, द्यायची बारा. पण रात्रीच्या गाडीनं निघालेली माणसं पहाटे साडेपाचला दारात उभी राहतात, त्यांना बारापर्यंत ताटकळत ठेवता येत नाही. आम्ही जिन्याखालची एक खोली नुसती आंघोळ आणि सामानासाठी काढली. दोन बाथरूम, बाकडं, खुंट्या, कुलपाची कपाटं. माणसं आंघोळ करून, बॅगा ठेवून दर्शनाला जातात, तोवर वरच्या खोल्या झाडून तयार होतात. बिगर हंगामात, आदल्या रात्री खोली रिकामीच राहिली असेल तर सरळ वर नेऊन चावी देतो, पैसे मागत नाही.